ज्यांना फोन करायचं कारण नसतं

परदेशी गेलेल्या माणसाला घरची आठवण येते, हे सांगायला दिवाळी अंकाची पानं खर्ची घालायला नकोत. आई, भाऊ, शाळासोबती, गणपतीतल्या आरत्या हे सगळं आठवणारच, आणि त्याची बरीचशी सोयही आता झाली आहे. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये चकलीची भाजणी मिळते, आरती झूमवर होते, आई रोज फोनच्या पडद्यावर येऊन भाजीला काय केलंस ते विचारते. या सोयींच्या यादीत एक माणूस मात्र बसत नाही. तो नात्यातला नसतो, मित्र नसतो, शेजारी म्हणावं तर चार घरं पलीकडचा असतो. तालुक्याच्या गावी वाचनालयाचं दार उघडायच्या आधी पायरीवर येऊन बसणारा, पहिला पेपर बळकावून त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका पेन्सिलीने दुरुस्त करणारा, एसटीच्या वेळापत्रकाबद्दल कलेक्टरला दर महिन्याला अर्ज धाडणारा, आणि समोरून येणाऱ्या कुणालाही त्या अर्जाची नक्कल वाचून दाखवणारा हा इसम गावात असतो तेव्हा लोक त्याला चुकवून दुसऱ्या बोळाने जातात. मुलखाबाहेर गेल्यावर तोच आठवतो. माझं म्हणणं असं की, स्थलांतरात जे खरोखर भरून न येण्यासारखं जातं ते हेच. आणि त्याचं कारण अंतर नव्हे. त्या माणसाशी असलेल्या संबंधाला कधी निमित्त लागलंच नव्हतं. परदेशातून करायच्या प्रत्येक गोष्टीला निमित्त लागतं.

मराठी वाचकाला या माणसाची ओळख करून द्यावी लागत नाही. पु. ल. देशपांड्यांचं ‘व्यक्ती आणि वल्ली’ १९६२ साली आलं, जयवंत दळवींचं ‘सारे प्रवासी घडीचे’ १९६४ साली, आणि तेव्हापासून आपण आपल्या आळीतल्या माणसांकडे थोडेफार या पुस्तकांच्या चष्म्यातूनच बघत आलो. त्यातला अंतू बर्वा आपल्या विषयासाठी फार कामाचा आहे. लेखक विलायतेला निघाला आहे हे कळल्यावर रत्नागिरीतला हा म्हातारा त्याला कोहिनूर हिरा तेवढा बघून यायला सांगतो. परदेशी निघालेल्या माणसाला लोक सहसा उपदेश करतात, पत्ते देतात, काहीतरी आणायला सांगतात. अंतूशेट यातलं काहीच करत नाही. त्याचं बोलणं म्हटलं तर टोमणा, म्हटलं तर माया, आणि त्याला उत्तराची अपेक्षा नाही. मात्र हा अंतू बर्वा आळीबाहेर काढून एकटा उभा केला, तर फारसा उरत नाही. त्याच्या तिरकस वाक्याला टाळी देणारे, त्याच्या घरची परिस्थिती ठाऊक असल्यामुळे त्या वाक्याच्या तळाशी काय आहे हे ओळखणारे, आणि दुसऱ्या दिवशी तेच वाक्य बाजारात पोचवणारे लोक भोवती असतात म्हणून तो तो असतो. विक्षिप्तपणा माणसाचा असतो, पण त्याची वल्ली गाव करतं. त्यासाठी गावाला भरपूर वेळ लागतो, आणि कुणीही उठून जाणार नाही याची खात्री लागते. ज्याच्या वडिलांचा विहिरीवरून झालेला दावाही लोकांना पाठ आहे, त्याचा चक्रमपणा गोष्टीत बसतो. भाड्याच्या घरात वर्षभरासाठी आलेला चक्रम माणूस नुसताच चक्रम राहतो.

हे फक्त कोकणचं वैशिष्ट्य आहे असं कुणाला वाटत असेल, तर त्याने त्रिनिदादकडे बघावं. व्ही. एस. नायपॉल १९५० मध्ये सरकारी शिष्यवृत्तीवर त्रिनिदादहून ऑक्सफर्डला गेले. १९५५ साली लंडनमध्ये, बीबीसीच्या कंत्राटी लेखकांना बसायला दिलेल्या एका खोलीत त्यांनी टाइपरायटरवर कागद चढवला आणि पोर्ट ऑफ स्पेनमधला आपला जुना रस्ता लिहायला घेतला. त्यातून झालेलं ‘मिगेल स्ट्रीट’ १९५९ मध्ये प्रसिद्ध झालं. पुस्तकाची सुरुवात फार बघण्यासारखी आहे. हॅट नावाचा शेजारी रोज सकाळी उठला की मागच्या व्हरांड्याच्या कठड्यावर बसतो आणि पलीकडच्या घरातल्या बोगार्टला, काय चाललंय, असं ओरडून विचारतो. बोगार्ट अंथरुणातच कूस बदलतो आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात तोच प्रश्न हॅटला परत विचारतो. इथे कुणाला कसलीही माहिती नको आहे. प्रश्नाचं उत्तर म्हणून तोच प्रश्न परत येतो, तोही पुटपुटत, आणि तरी दोघांचा दिवस त्याशिवाय सुरू होत नाही. नायपॉलनी पुढे सांगितलं की यातलं पहिलं वाक्य खरं घडलेलं होतं, दुसरं त्यांनी रचलं. ते तसंच असणार. कुणाला ऐकूच न गेलेलं बोलणं आठवणार कसं? पण घर सोडून पाच वर्षं झालेल्या, कर्तृत्व अजून सिद्ध व्हायचं असलेल्या त्या तरुणाला लंडनच्या खोलीत पहिल्यांदा सुचलं ते हे. आईवडील नाहीत, ऑक्सफर्ड नाही. एका रिकामटेकड्या शेजाऱ्याने दुसऱ्या रिकामटेकड्या शेजाऱ्याला मारलेली हाक.

मग पश्चिमेचे लोकच थंड, तिथे शेजार कसला, असा एक सोपा निष्कर्ष आपल्याकडे तयार असतो. तो मला पटत नाही. जेन जेकब्स यांचं अमेरिकन शहरांवरचं गाजलेलं पुस्तक १९६१ साली आलं, तेव्हा त्या न्यूयॉर्कच्या हडसन स्ट्रीटवर राहत होत्या. रस्त्याला जाग ठेवणाऱ्या माणसांबद्दल त्यात फार बारकाईने लिहिलं आहे. त्यांच्या गल्लीतल्या गोळ्या-चॉकलेटच्या दुकानदाराची एक साधी सकाळ त्यांनी नोंदवली आहे: शाळेत निघालेल्या पोरांना रस्ता ओलांडून देणं, एका गिऱ्हाइकाला छत्री आणि दुसऱ्याला एक डॉलर उसना देणं, शेजारच्या इमारतीतल्या बाहेरगावी गेलेल्यांची पार्सलं ठेवून घेणं, सिगारेट मागायला आलेल्या दोन पोरांना चार शब्द सुनावणं, दुरुस्तीचं घड्याळ समोरचं दुकान उघडेपर्यंत सांभाळणं, कुणाच्या तरी घरच्या कटकटी ऐकून घेणं. ही यादी मिरजेच्या किंवा मालवणच्या कुठल्याही कोपऱ्यावरच्या दुकानदाराला लागू पडेल. जेकब्स यांच्या मते अशा माणसाकडे विशेष गुण असण्याची गरज नसते. तो तिथे असावा लागतो, सगळ्यांना दिसावा लागतो, आणि पुष्कळ जणांशी त्याचं बोलणं व्हावं लागतं. म्हणजे प्रश्न देशाचा किंवा संस्कृतीचा नसून रस्त्याचा आहे. आणि आपला बहुतेक सुशिक्षित मराठी माणूस अमेरिकेत गेला तो हडसन स्ट्रीटवर गेलाच नाही. तो गेला उपनगरात. क्लीव्हलंडजवळच्या युक्लिड या गावाच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२६ साली वस्तीचे विभाग पाडायला मान्यता दिली, आणि पुढच्या काळात घरं एकीकडे, दुकानं दुसरीकडे, कचेऱ्या तिसरीकडे अशी रचना देशभर पसरली. अशा वस्तीत कोपऱ्यावर दुकान काढायला कायदाच आडवा येतो. गॅरेजचं दार रिमोटने वर जातं, गाडी आत जाते, दार खाली येतं. एखादा अंतू बर्वा तिथे असेलही. पण त्याने बसावं कुठे?

दुसरी चाळणी व्हिसाची. एच-वन-बी व्हिसाला पदवी आणि विशेष कौशल्याची नोकरी लागते. या जाळीतून जे पलीकडे पडतात ते बहुतेक एका वयाचे, एका पगारगटातले, एकसारख्या परीक्षा पास झालेले. मग त्यांनी महाराष्ट्र मंडळं काढली; लंडनचं मंडळ १९३२ पासून आहे, उत्तर अमेरिकेतल्या मंडळांना एकत्र आणणारं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून. या संस्थांनी मराठी शाळा चालवल्या, नाटकं नेली, अडल्यानडल्याला मदत केली, त्याचं मोल कमी नाही. पण मंडळात माणूस वर्गणी भरून येतो आणि नको झालं की येणं बंद करतो. कार्यकारिणीतल्या भांडणांतही वल्ली तयार होत नाही, कारण भांडणारा दुसरं मंडळ काढू शकतो. गावात दुसरं गाव काढता येत नाही. अर्ज लिहिणारे ते गृहस्थ डोक्याला ताप असले तरी वाचनालयात येणारच, आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसण्यावाचून इलाज नसणार. आपण स्वतः निवडलेल्या माणसांत सगळं मिळतं. जी माणसं आपण कधीच निवडली नसती, त्यांची सवय तेवढी होत नाही.

आता फोनकडे येतो, कारण माझ्या म्हणण्याचा कणा तिथे आहे. पूर्वी परदेशात पत्र जायचं ते एअरोग्रामवर. निळा पातळ कागद, ठरलेलं तिकीट, घडी घालून कडा चिकटवायच्या. पैसे पूर्ण कागदाचे भरलेले असल्यामुळे कोरी जागा सोडणं जिवावर यायचं. तब्येती, लग्नं, पैशांची व्यवस्था हे विषय संपले की वडीलधारी माणसं उरलेल्या जागेत गाव भरत: अमक्याने नगरपालिकेसमोर एकट्यानेच उपोषण केलं, तमक्याने भर सभेत आमदाराचं व्याकरण काढलं. म्हणजे वल्लीला टपालात राखीव जागा होती, ती कुणी मुद्दाम ठेवलेली नव्हती एवढंच. व्हॉट्सॲपने २०१६ मध्ये व्हिडिओ कॉल सुरू केले आणि बोलणं फुकट झालं. जे फुकट आहे ते रोज होतं, आणि रोज बोलणाऱ्यांच्यात बातमी उरत नाही; जेवलास का, औषध घेतलंस का, बाळाला दाखव. आई जवळ आली. आईच्या पत्रातून येणारे ते गृहस्थ मात्र बाहेरच राहिले. त्यांना परस्पर फोन करावा म्हटलं तर ते आणखी अवघड. काय सांगून करणार? त्यांना वाटेल काही काम आहे, किंवा घरात काही बरंवाईट झालं. फोन ही एकाने दुसऱ्याला बोलावून घ्यायची वस्तू आहे. ते मात्र कधी बोलावल्याने भेटले नाहीत. रस्त्यात आडवे आले म्हणून भेटले. आडवं येण्याची सोय असलेलं ॲप अजून कुणी काढलेलं नाही, आणि काढलं तर लोक ते पहिल्या दिवशीच ब्लॉक करतील.

समाजशास्त्राने अशा पातळ संबंधांकडे बरंच लक्ष दिलं आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ च्या निबंधात दाखवलं की ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी बहुतेकांना ती जवळच्या मित्राकडून न कळता क्वचित किंवा अधूनमधून भेटणाऱ्या माणसाकडून कळली होती. पण तिथे ओळखीचा उपयोग मोजला आहे, आणि आपल्या गृहस्थांकडून कुणाला नोकरी मिळाल्याचं ऐकिवात नाही. मला गिलियन सँडस्ट्रॉम आणि एलिझाबेथ डन यांनी २०१४ च्या सुमाराला मांडलेले निष्कर्ष अधिक जवळचे वाटतात. कॉफीच्या दुकानात पैसे देऊन चटकन निघण्याऐवजी विकणाऱ्याशी दोन शब्द बोललेल्या लोकांना नंतर अधिक बरं वाटलं, आपण इथले आहोत असं वाटलं. परक्या शहरात एवढ्यावर माणूस तगतो, हे खरंच. पण कॉफीवाल्याला तुमच्या आजोबांचं टोपणनाव ठाऊक नसतं.

यावर सगळ्यात जड आक्षेप असा की, ही सगळी लांब गेलेल्यांची गोडगोड कल्पना आहे. ज्याला आपण वल्ली म्हणून हसलो, तो कित्येकदा आजारी माणूस होता, पोरं त्याच्यामागे दगड घेऊन धावत आणि मोठी माणसं ओट्यावरून बघत. हा आक्षेप मी टाळू इच्छित नाही, कारण माझ्या साक्षीदारानेच तो नोंदवून ठेवला आहे. ‘मिगेल स्ट्रीट’मधला मॅन-मॅन स्वतःला मसीहा समजू लागतो, क्रुसाला बांधून घेतो आणि लोकांना दगड मारायला सांगतो. आधी लहान खडे पडतात. मग मोठे दगड येऊ लागल्यावर तो शिव्या देत आपल्याला सोडवायला सांगतो, आणि शेवटी अधिकारी त्याला कायमचं अडकवून ठेवतात. त्या गल्लीचं हसणं आणि त्या गल्लीची क्रूरता एकाच हातातून सुटलेली आहे. आपल्याकडेही हिशेब तपासायला हवा. ‘व्यक्ती आणि वल्ली’तली शीर्षकं वाचत जा: नारायण, हरितात्या, नाथा कामत, सखाराम गटणे, चितळे मास्तर. जवळजवळ सगळे पुरुष. बाया विक्षिप्त नव्हत्या असं थोडंच आहे? पण पुरुषाने चौकात मोठ्याने बोललं की तो अर्क, आणि बाईने बोललं की तिच्या अंगात येतं किंवा तिच्या डोक्यावर परिणाम झालेला असतो. काही ठिकाणी तर करणी करते म्हणून तिचा छळ होतो. महाराष्ट्राला २०१३ साली जादूटोण्याविरुद्ध कायदा करावा लागला तो अशा प्रकारांसाठीसुद्धा. पोटाचाही प्रश्न आहे. व्यंकटेश माडगूळकरांच्या १९४९ च्या ‘माणदेशी माणसं’तला धर्मा रामोशी वाचताना हसू येत नाही, कारण तिथे गोष्ट अन्नवस्त्राची होते. चक्रमपणा परवडायला संध्याकाळची भाकरी कुठून तरी येणार हे ठरलेलं असावं लागतं, आणि ते कुणाचं ठरलेलं होतं हे जात सांगते.

हे सगळं मान्य करूनही माझं म्हणणं शिल्लक राहतं. गावाने त्या माणसाला नीट वागवलं असा माझा दावा नाही. त्याला काढून टाकायची सोय गावाला नव्हती, एवढाच आहे. जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ मध्ये ‘ऑन लिबर्टी’त तक्रार केली की फार थोडे लोक विक्षिप्त व्हायला धजतात आणि हाच काळाचा मोठा धोका आहे. त्याच्या हिशेबाने आपलं गाव मुळीच बसत नाही. लग्न कुणाशी, पंगतीत कोण कुठे, विधवेने काय नेसावं, या सगळ्यांत तिथे करकचून बांधलेलं होतं, आणि त्याच गावात जिभेला मात्र इतकी मोकळीक की कलेक्टरपासून देवापर्यंत कुणीही सुटत नसे. कदाचित म्हणूनच होती. ज्याने कधी जात मोडली नाही त्याने तोंड सोडलं तर कुणाचं काही बिघडत नव्हतं. पश्चिमेत जाऊन आपल्या माणसाने, आणि विशेषतः बाईने, मिलवालं स्वातंत्र्य मिळवलं: हवं तसं लग्न, हवा तो पोशाख, कुणी विचारत नाही. हा सौदा फायद्याचा आहे, याबद्दल मला शंका नाही. नागपूरहून टोरांटोला गेलेल्या एखाद्या घटस्फोटित बाईला अंतू बर्व्याची आठवण येत नसेल तर तिचं काहीही चुकत नाही. त्याच्यासारख्यांनी तिला काय ऐकवलं असतं हे तिला पक्कं ठाऊक आहे. पण कुणी विचारत नाही याची दुसरी बाजू कुणी विचारतच नाही ही आहे, आणि फायद्याच्या सौद्यातही काहीतरी मोजावं लागतंच.

उरला तो आक्षेप की ते गाव आता तिथेही नाही. बरोबर आहे. २००१ ते २०११ या दशकात रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या सोळा लाख सत्त्याण्णव हजारांवरून सोळा लाख पंधरा हजारांवर आली, सिंधुदुर्गाचीही घटली. घटलेल्यांत बोलणारे जसे आहेत तसे ऐकणारेही आहेत. रत्नागिरीचं वाचनालय १८२८ सालचं. संस्था टिकतात, त्यांच्या पायरीवर सकाळी बसणारी माणसं टिकतीलच असं नाही. ओटे गेले, सोसायट्यांना फाटकं आली, वॉचमन आला, आणि गावात राहिलेल्यालाही आता शेजारच्या फ्लॅटमधला माणूस लिफ्टपुरता माहीत असतो. हे फक्त काळाचंही नसतं, वयाचंही असतं. ‘मिगेल स्ट्रीट’मधला निवेदक परदेशी जायच्या आधीच, हॅट तुरुंगातून सुटून येतो तेव्हा, त्याच्याकडे निराळ्या नजरेने बघू लागलेला असतो, पंधराचा मुलगा अठराचा झालेला असतो आणि गल्ली त्याला आखूड पडू लागलेली असते. मग परदेशी जाण्याचा वेगळा दोष तो काय? मला वाटतं, दोष नाही, फरक आहे. गावात राहिलेल्याच्या हातून ही माणसं हळूहळू सुटतात, आणि एखाद्या मर्तिकाला, एखाद्या पोटनिवडणुकीत, एसटी बंद पडल्यावर फाट्यावर ताटकळताना पुन्हा समोर येतात. स्थलांतरिताच्या हातून ती एका दिवसात सुटतात. आणि तो सुटीत येतो तेव्हा त्याचे पंधरा दिवस नातेवाइकांनी, दातांच्या डॉक्टरने आणि बँकेच्या केवायसीने आधीच वाटून घेतलेले असतात.

जेन जेकब्स यांनाही १९६८ मध्ये हडसन स्ट्रीट सोडावा लागला. व्हिएतनाम युद्धासाठी मुलांना सक्तीने सैन्यात नेलं जाऊ नये म्हणून कुटुंब कॅनडात टोरांटोला गेलं, आणि तिथे त्यांनी पहिल्याच वर्षांत वस्त्या उद्ध्वस्त करणाऱ्या एका महामार्गाविरुद्धच्या लढ्यात उडी घेतली. तो महामार्ग पूर्ण झालाच नाही. नव्या गावात शेजार हवा असेल तर आधी तो रस्ता वाचवावा लागतो, हे त्यांना कळलेलं होतं. आपली मंडळी एवढी सार्वजनिक भांडणं सहसा काढत नाहीत. नायपॉलनी वेगळा मार्ग घेतला. ज्या बोगार्टच्या नावाने त्यांचं लेखन सुरू झालं तो खरा माणूस होता, तोही त्रिनिदाद सोडून व्हेनेझुएलात गेलेला होता, आणि १९७७ मध्ये मार्गारिटा बेटावर नायपॉल त्याला शोधून भेटले. तोवर त्यांनी घर सोडून सत्तावीस वर्षं झाली होती आणि त्यांचं नाव जगभर झालं होतं. रोज सकाळी कठड्यावरून ज्याला फुकट हाक मारली जायची, त्याला भेटायला आता देश ओलांडावा लागला. त्या भेटीचा वृत्तांत १९८४ च्या त्यांच्या पुस्तकात आहे. आपण लेखक कसे झालो हे लिहायचं काम हाती होतं, म्हणून ती भेट घडली.